शोकसभेत न दिलेले उदाहरण

यंदा व्हिएन्नाच्या त्या डॉक्टरांची जन्मशताब्दी झाली. मुंबई-पुण्याला व्याख्याने झाली, वर्तमानपत्रांत छायाचित्रे आली, आणि आमच्या नाशिकच्या वाचनालयातही एका प्राध्यापकांनी भाषण केले. माणूस जे स्वतःपासूनही लपवतो ते आजाराच्या रूपाने बाहेर पडते, आणि ते कोणाजवळ तरी बोलले गेले तर आजाराची पकड सैल होते, हे त्यांनी सोप्या भाषेत समजावले. आभार मानताना चिटणीस म्हणाले की, या थोर पुरुषाचे जाहीर स्मरण आपल्या गावात प्रथमच होत आहे.

ते बरोबर नाही. पहिले स्मरण झाले ते डॉक्टर वारले त्याच वर्षी, त्याच सभागृहात, महायुद्धाला नुकतेच तोंड लागले असताना. त्या सभेचा वृत्तांत आमच्या साप्ताहिकात आला. तो चार ओळींचा होता आणि मी लिहिला होता. चारच ओळी का, हे आता सांगता येते. ज्याच्यासाठी गप्प राहायचे होते तो यंदा भेटला आणि म्हणाला, "लिहा. आईचं नाव तेवढं नको."

म्हणून या लेखात कोणाचेच खरे नाव नाही. व्हिएन्नाच्या डॉक्टरांचे नाव वाचकांना ठाऊक आहे, पण इतरांना जो नियम तोच त्यांनाही. काही तपशीलही बदलले आहेत. कोणते, ते विचारू नये.

साप्ताहिकाच्या बातमीदाराचे काम बाहेरच्यांना वाटते तसे नसते. सभा आधी होते आणि वृत्तांत नंतर लिहिला जातो, असा समज आहे. आमच्याकडे बहुधा उलटे होई. छपाईचा वार ठरलेला, यंत्र एक, अक्षरांचे खिळे जुळवणारा माणूस एक. सभा छपाईच्या आदल्या संध्याकाळी असली तर वक्त्याकडून भाषण आधीच मागवून घ्यायचे, जुळवून ठेवायचे आणि सभेनंतर फक्त टाळ्या कुठे पडल्या ते घालायचे. एकदा एका अध्यक्षांची गाडी इगतपुरीच्या पावसात अडकली. ते पोहोचलेच नाहीत, आणि त्यांचे भाषण मात्र तीन ठिकाणच्या टाळ्यांसह छापून गेले. चार दिवसांनी ते स्वतः कार्यालयात आले. आम्ही माफीची तयारी ठेवली होती. ते म्हणाले, "छान वठलं हो. मी असतो तर इतकं जमलं नसतं."

आमच्या पत्राचे दुसरे वळण अधिक घातक होते. नाजूक बातमी असली की आम्ही नाव गाळत असू. नाव गाळायचे आणि बाकी सगळे ठेवायचे: राहण्याचा भाग, जात, धंदा, वय, घरात कोण कोण. यात आम्हाला सभ्यपणा वाटे. परिणाम वेगळा होई. नाव छापले असते तर लोकांनी वाचून पान उलटले असते. नाव गाळले की न्हाव्याच्या खुर्चीपासून घाटाच्या पायऱ्यांपर्यंत माणूस ओळखणे हा उद्योगच होऊन बसे, आणि संध्याकाळच्या आत गावाला उत्तर सापडलेले असे.

डॉक्टर वारल्याची बातमी आली तेव्हा भाद्रपद संपत आला होता. दोन-तीन दिवसांनी आमच्या गावातले एक तरुण डॉक्टर कार्यालयात आले. मुंबईत शिकलेले, बोलणे हळू, हाताला कायम स्पिरिटचा वास. त्यांनी शोकसभा ठरवली होती आणि भाषणाचे कागद सोबत आणले होते. संपादकांना आम्ही तात्या म्हणत असू. तात्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"कोण गेले म्हणता?"

डॉक्टरांनी सांगितले.

"जर्मन?"

"व्हिएन्नाचे. पण जर्मनांनीच त्यांना घालवून दिलं. लंडनला वारले."

"म्हणजे दोन्हीकडून पंचाईत," तात्या म्हणाले. "स्तुती केली तर कलेक्टर विचारणार, परक्याचं कौतुक कशाला. आणि सभा पितृपक्षात! गावाला आपापले पितर पुरे आहेत, डॉक्टर. त्यात हा बाहेरचा पाहुणा कुठे बसवता?"

"वडिलांविषयी मनात काय असतं, यावरच त्यांनी जन्मभर लिहिलं," डॉक्टर म्हणाले. "पितृपक्षाहून बरी वेळ कोणती?"

तात्या हसले आणि कागद माझ्याकडे सरकवले. युद्धाच्या तारा कमी होत्या, पानात जागा होती.

भाषण चांगले होते. पहिल्या भागात त्या वृद्ध डॉक्टरांचे चरित्र आणि विचार. दुसऱ्या भागात एक उदाहरण. हे शास्त्र केवळ परदेशी बायांसाठी नाही, ते गोदावरीच्या काठीही खरे ठरते, हे दाखवायला डॉक्टरांनी आपल्या दवाखान्यातला एक रुग्ण घेतला होता. नाव नव्हते. 'रामकुंडावर श्राद्धे चालवणारा एक तरुण भिक्षुक' एवढेच.

तो तरुण म्हणजे नारायण, हे मला दुसऱ्या वाक्याला कळले.

हा धंदा थोडा सांगायला हवा. लांबून माणसे रामकुंडावर येतात आणि आपल्या घराण्याच्या ठरलेल्या उपाध्यायाकडून पितरांचे कार्य करून घेतात. ती घराणी म्हणजे उपाध्यायाचे यजमान, आणि यजमान हीच त्याची जमीन. कार्यात उपाध्याय विचारतो, "वडिलांचं नाव सांगा," यजमान सांगतो, आणि ते नाव मंत्रात घालून उपाध्याय मोठ्याने म्हणतो. मग आजोबा, मग पणजोबा. नारायणचा आवाज गेले वर्षभर वडिलांच्या नावाशी बंद पडत होता. ओठ हलत, आवाज येत नसे. आजोबांपासून पुढे पुन्हा स्वच्छ. यजमान घाबरत. आपले वडील पाणी घेत नाहीत असे त्यांना वाटे, आणि पुढच्या वेळी ते नारायणच्या चुलत्यांकडे जात. चुलते ते आनंदाने घेत. त्यांच्या मुलालाही यजमान हवे होते.

हे गावाला माहीत होते. कारण माहीत नव्हते. ते डॉक्टरांच्या कागदात होते.

नारायण लहान असताना त्याचे वडील घर सोडून गेले. हात उगारणारा माणूस. त्यांचे पाऊल वाजले की आई भांडी आवरून भिंतीशी उभी राही. बारा वर्षे पत्ता लागला नाही. बारा वर्षे वाट पाहिली की शास्त्राने माणूस मेला असे धरतात, पळसाच्या पानांचा पुतळा करतात आणि मुलगा त्याला अग्नी देतो. घराण्याला दोष लागतो म्हणून चुलत्यांनी आग्रह धरला. आदल्या वर्षी तो विधी झाला. नारायणने अग्नी दिला. त्या दिवसापासून त्याची आई विधवा ठरली. तिचे केशवपन झाले आणि अंगावर तांबडे आलवण आले.

पण त्या बारा वर्षांतच आलेल्या सिंहस्थाच्या मेळ्यात नारायणने वडिलांना पाहिले होते. एका परगावच्या यजमानाने तपोवनात साधूंना जेवण घातले आणि वाढायला नारायण होता. पंगतीत एका साधूच्या कानाची पाळी फाटलेली होती. भिकबाळी ओढली गेल्याची ती खूण त्याने लहानपणापासून पाहिलेली होती. कागदात नारायणचे शब्द जसेच्या तसे होते: "हाक मारली असती तर ते घरी आले असते. मी पुरी वाढली आणि पुढच्या पानाकडे गेलो. हात थरथरला नाही. म्हणूनच भीती वाटते."

म्हणजे वडील जिवंत आहेत हे ठाऊक असताना त्याने त्यांना अग्नी दिला होता आणि आईला विधवा केले होते. डॉक्टरांजवळ हे सांगताना त्याने एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हटली होती: आईला कळता कामा नये.

मी तो मजकूर दगडूला जुळवायला दिला. दगडू आमचा खिळे जुळवणारा, पंचवटीत राहणारा, बोलघेवडा. वाचत वाचत जुळवण्याची त्याला सवय होती. थोड्या वेळाने तो गॅलीवरून, म्हणजे खिळ्यांच्या पाटीवरून, मान न उचलता म्हणाला, "भाऊ, हे नारायणभटाचं हाय ना?"

"यात नाव कुठे आहे?"

"नाव कशाला पायजे? गळा त्याचा, घाट त्याचा." मग हात थांबवून, "लय वाईट झालं हे. त्या माउलीचं डोकं उगाच भादरलं म्हनायचं."

"घरी बोलू नकोस."

"नाय नाय. मी कशाला बोलू," दगडू म्हणाला, आणि तो घरी बोलणार हे मला कळले.

दुपारी दवाखाना बंद असे, त्या वेळी मी डॉक्टरांकडे गेलो. याच वेळी पडद्यामागच्या तपासणीच्या बाकावर नारायण निजून बोलत असे. त्या दिवशी तो नव्हता. दगडूने काय म्हटले ते मी सांगितले.

"पण मी नाव घेतलेलं नाही," डॉक्टर म्हणाले. "त्याला विचारलंय. नाव नसेल तर हरकत नाही म्हणाला."

"नाव नसणं म्हणजे काय, ते त्याला माहीत नसेल. आम्हाला माहीत आहे. धंदा बदला. त्याला गवई करा, किंवा शाळामास्तर."

ते हातातली छाती तपासायची नळी गुंडाळू लागले. "गवयाचा गळा बसला तर त्याला ज्येष्ठमध देतात. मास्तर अडला तर लोक म्हणतील पाठांतर नाही. बापाचं नाव मोठ्यानं घेणं हाच ज्याचा धंदा, त्याचा आवाज बापाच्या नावाशी अडतो. हे काढलं तर उरलं काय? आणि तुम्ही बातमीदार असून मला खोटं सांगायला सांगता?"

तपशील बदलणे आमच्या धंद्यातही पाप होते. मी म्हणालो, "त्याची आई याच गावात राहते." ते म्हणाले, "ते मला माहीत आहे," आणि बाहेरचे दार उघडायला उठले. खोकणारी माणसे ओट्यावर येऊन बसली होती.

सभेच्या दिवशी सकाळी दगडूची बायको पाणवठ्यावर कोणाशी काय बोलली ते मला कळायला मार्ग नव्हता. एवढे दिसले की सभागृह भरले होते. शोकसभेला गर्दी हे चिन्ह चांगले नव्हते. मेलेल्याच्या ओळखीचा एकही माणूस गावात नव्हता.

बातमीदारांच्या टेबलाशी माझ्याशेजारी साध्या वेषातला पोलीस जमादार येऊन बसला. हा नेहमीचा. त्याला लिहायचा कंटाळा असे. सभा संपली की तो माझ्या टिपणावरून आपला अहवाल उतरवी.

"भाऊ, आज कोण वारलंय?"

"व्हिएन्नाचे एक डॉक्टर."

"आपल्या राज्याच्या बाजूचे की विरुद्ध?"

"कोणाच्याच नाही."

"असं लिहून चालत नाय हो," तो हताशपणे म्हणाला.

दुसऱ्या रांगेत नारायणचे चुलते मुलाला घेऊन बसले होते. नारायण दाराजवळच्या खांबाला टेकून उभा होता. बसायला जागा होती, तरी उभा. मी त्याच्याकडे एकदा पाहिले आणि पुन्हा पाहिले नाही. छापखान्यात गॅली जुळून तयार होती. डॉक्टर बोलले की मी टाळ्या घालणार, यंत्र सुरू होणार, आणि उद्या दुपारपर्यंत पंचवटीत अंक वाचला जाणार. आलवणातली ती बाई कोणाच्या तरी ओसरीवर बसून ऐकणार. आमचा अंक लोक मोठ्याने वाचत.

अध्यक्ष एक निवृत्त हेडमास्तर होते. त्यांनी मृताची मुंजीपासून माहिती द्यावी तशी माहिती दिली. मग डॉक्टर उठले. चरित्राचा भाग त्यांनी न अडखळता वाचला. शेवटच्या वर्षी त्या वृद्ध माणसाला स्वतःचे घर, स्वतःचे शहर सोडावे लागले, हे सांगताना सभागृह खरोखर शांत होते. त्यांनी पान उलटले. उदाहरण त्या पानावर होते.

तेवढ्यात चुलते बसल्या जागेवरून म्हणाले, "डॉक्टर, ते लंडनचं राहू द्या. एखादं गावातलं सांगा की. दुपारी दार लावून दवाखान्यात कोण कोण निजायला येतं, आम्हालाही कळू दे."

हशा झाला. कोणीतरी मागून ओरडले, "गोत्र विचारा आधी! पितृपक्ष आहे!" हशा वाढला. चुलते हसत नव्हते. ते मान वळवून खांबाकडे पाहत होते, आणि त्यांच्या पाठोपाठ आणखी माना वळत होत्या.

डॉक्टर कागदाकडे पाहत उभे राहिले. पहिले वाक्य मला पाठ होते. त्यांचे ओठ ते म्हणायला उघडलेही. मग त्यांनी कागदाची घडी केली.

"उदाहरण आहे," ते म्हणाले. "पण ते माझं नाही."

"मग कोणाचं?"

"ज्यानं सांगितलं त्याचं."

आणि ते बसले. भाषणाचा शेवट करायचे, नमस्कार करायचे राहून गेले.

"म्हणजे नाहीच!" चुलते म्हणाले. आता सभागृहात जो हशा झाला त्याला शोकसभेचे बंधन नव्हते. अध्यक्षांनी घाईने दुखवट्याचा ठराव वाचला आणि सर्वांना स्तब्ध उभे राहायला सांगितले. लोक कुजबुजत उभे राहिले. जमादारही उभा राहिला. शांतता झाली तेव्हा खांबाजवळ कोणी नव्हते.

मी सरळ छापखान्यात गेलो आणि दगडूला गॅली सोडायला सांगितली. सोडणे म्हणजे जुळवलेले खिळे एकेक करून आपापल्या घरात परत टाकणे. तात्यांना जागा भरायची काळजी. मी चार ओळी लिहून दिल्या: सभा झाली, अमुक अध्यक्ष होते, अमुक बोलले, ठराव संमत झाला. उरलेल्या जागेत दंतमंजनाची जाहिरात गेली. डॉक्टरांचे त्या रात्री हसे झाले ते पुढे बरेच दिवस टिकले. सभेत बोलता न आलेला डॉक्टर म्हणून लोक त्यांना ओळखत. युद्धात ते लष्करात गेले आणि परतल्यावर नाशिकला आले नाहीत. त्यांनी त्या कागदाची घडी केली तो क्षण माझ्या पाहण्यातला सर्वांत चांगला स्मरणविधी होता, पण वृत्तांतात तो मांडायला शब्द नव्हते. त्या चार ओळींची खंत आहे ती एवढ्यासाठी.

दुसऱ्या दिवशी दुपारी नारायणची आई कार्यालयात आली. आलवणातली बाई छापखान्याची पायरी चढते, हे दगडूने कधी पाहिले नव्हते. तो उठून आत गेला. ती माझ्यासमोर बसली नाही, दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

"माझ्या मुलाचं काही छापलंय म्हणे."

"नाही. काही छापलेलं नाही."

"छापणार होता?"

"जुळवलं होतं. सोडून टाकलं."

तिला सोडण्याचा अर्थ कळला की नाही, माहीत नाही. तिने श्वास टाकला. मला वाटले, आता ती विचारणार की काय होते त्यात. काय सांगावे याची मी मनात जुळवाजुळव करत होतो.

ती म्हणाली, "सिंहस्थातल्या पंगतीचं होतं ना?"

मी दौत जवळ ओढली.

"वाढायला तो होता. पाणी द्यायला मी होते," ती म्हणाली. "त्याच्या मागोमाग. त्याला वाटलं, मी दुसऱ्या पंगतीला आहे. त्यानं पुरी वाढली, मी भांड्यात पाणी ओतलं. कान मीही पाहिला. हाक मारायची तर मीच मारायची. माझा नवरा. मी मारली नाही. पोरानं ते स्वतःच्या गळ्यात बांधून घेतलं."

"मग तो विधी, हे केस..."

"बाप मेला असं ठरेपर्यंत त्याला घराण्याचा उपाध्याय कोणी मानेना. यजमान जात होते. केसांचं काय." ती हे इतक्या सहज म्हणाली की मी लिहिण्याचे निमित्त करून खाली पाहिले. "त्याला वाटतं, मी अजाण आहे. त्या जोरावर तो घरात चार घास खातो. ते मोडू नका."

जाता जाता ती वळली. "ते जे कोण परदेशी वारले, ते काय सांगायचे?"

मी जमेल तसे सांगितले. बोलायचे राहून गेलेले मरत नाही. ते गळ्यातून, हातातून, झोपेतून वाट काढते.

"आणि बोललं की जातं?"

"कधी कधी. डॉक्टर म्हणतात तसं."

"कोणाशी बोलायचं?"

"ज्याच्याशी राहिलं त्याच्याशी. नाहीतर त्याच्या जागी कोणी."

तिने मान हलवली, पटल्यासारखी नव्हे, पत्ता ऐकल्यासारखी, आणि ती पायरी उतरली. हे डॉक्टरांना सांगावे असे मला वाटले. नारायणला सांगावे असेही वाटले. पण तिने मोडू नका म्हटले होते, आणि ऐकलेले सगळे पुढे पोचवण्याची सवय असलेल्या माणसाला ते चार दिवस फार जड गेले.

सर्वपित्री अमावास्येला मी रामकुंडावर गेलो. गर्दीची बातमी दर वर्षी देत असू. शिवाय मला भीती होती. मृत्यूची तिथी माहीत नसलेल्यांचे श्राद्ध या दिवशी करतात. पुतळा जाळल्यानंतर नारायणने वडिलांचे श्राद्ध करायची ही पहिलीच अमावास्या. यजमानांची कामे आटोपून मधल्या वेळात तो स्वतःचे करणार होता. चुलते वरच्या पायरीवर बसून होते. आवाज अडला तर तो सगळ्या घाटासमोर अडणार होता, आणि मग उरलेले यजमान घ्यायला चुलत्यांना कोणाची परवानगी लागणार नव्हती.

इथे एक नियम सांगायला हवा. घाटावरच्या पोरालाही तो माहीत असतो. पितरांना पाणी देताना हातात काळे तीळ घ्यायचे ते फक्त ज्याचे वडील वारले आहेत त्याने. बाप जिवंत असलेल्याला ते तीळ नाहीत.

नारायण पाण्याच्या कडेला बसला. दर्भ घेतले, ओंजळीत तीळ घेतले. आचमन, संकल्प, सगळे स्पष्ट. मग ती जागा आली. ओठ हलले. आवाज आला नाही. त्याने पुन्हा सुरुवात केली आणि पुन्हा तिथेच थांबला. वरून चुलते म्हणाले, "हं, चालू द्या, चालू द्या. आम्ही ऐकतोय." आजूबाजूच्या दोघातिघांनी माना वळवल्या. नारायणच्या मानेवरची शीर फुगलेली मला दिसत होती.

त्याची आई स्नान करून ओल्या आलवणात पलीकडच्या पायरीवर उभी होती. ती खाली आली, त्याच्याजवळ बसली, आणि त्याच्या ओंजळीतले तीळ तिने आपल्या हाताने काढून घेतले.

"ऊठ," ती हळू म्हणाली. "हे तुला नाहीत."

नारायणने तिच्याकडे पाहिले. मी दोन पायऱ्यांवर होतो. त्याला कळायला थोडा वेळ लागला. मग तो म्हणाला, "कधीपासून?"

"पंगतीपासून. पाणी मी वाढत होते."

तीळ तिने नदीत टाकले नाहीत. पदराच्या टोकाला बांधून ठेवले. वरून चुलत्यांनी ओरडून विचारले, "काय झालं हो वहिनी?"

"ताप आहे त्याला," ती मान न वळवता म्हणाली. "त्याचं आज नाही."

ती निघून गेली. नारायण तिथेच बसून राहिला. रडत नव्हता, पाण्यात हात बुडवून बसला होता. थोड्या वेळाने हरसूलकडचा एक शेतकरी, डोक्याला मुंडासे, पायरीवर आला आणि अवघडून उभा राहिला.

"महाराज, माझं व्हायचं हाय. करता का जाऊ दुसरीकडं?"

नारायणने त्याला बसायची खूण केली. त्याच्या हातावर पाणी घातले, तीळ दिले. "वडिलांचं नाव?"

"लक्षुमन."

मी टिपणवही मिटली. नारायणने मंत्र सुरू केला. त्या जागेशी तो थांबला. चुलते वर उठून उभे राहिले. मग नाव आले, घोगरे, मोडके, पण मागच्या पायरीवर ऐकू जाईल इतके. शेतकऱ्याने मान डोलावली आणि ओंजळ सोडली.

त्या आठवड्याच्या अंकात माझी बातमी अशी होती: 'सर्वपित्री अमावास्येनिमित्त रामकुंडावर नेहमीप्रमाणे गर्दी होती. बंदोबस्त चोख होता. विशेष काही घडले नाही.'